भरल्या गाडीचा आवाज

गाडीवाल्या दोस्तांनो, नव्या रिम काढून जुनी चाकं लावू का? दुपारपासून जीव थाऱ्यावर न्हाय.

गेल्या आठवड्यात रुंद रिम बसवल्या. त्या आतून घासत होत्या, म्हणून स्पेसर टाकले, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी जाड चकती. एकट्यानं गाडी धाराशिवभर फिरवली. लई भारी दिसत होती.

आज बेंबळीहून लग्नाला निघालो. वडील पुढं, आई, काकू, आत्या मागं. पहिल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र आवाज आला. वजनानं गाडी खाली बसली आणि टायर वरच्या पत्र्याला घासला. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला तिघी साड्या सावरत उतरायच्या, पलीकडं चालत जाऊन परत बसायच्या.

"आता चालतच येतो की रं, तू हो पुढं," आत्या म्हणाली.

लग्न लागल्यावर वडील सगळ्यांना घेऊन स्टँडवर गेले. "एकट्यासाठी चांगली हाय गाडी तुझी," एवढंच म्हणाले आणि एसटीत चढले.

मी रिकामी गाडी घेऊन एसटीच्या मागं मागं गावाकडं आलो. खड्डे तेच होते. आवाज एकदाही आला न्हाय.