गोणपाटाची झूल

माझ्यासारख्याने लिहायला बसावं, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आणि लिहायचं तेही एका गाईबद्दल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ती गीर होती. आमचं गाव दिघीजवळ. कालवड असताना मामांनी काठेवाडी गुराख्यांकडून आणून ती आईला दिली होती. रंग तांबडा, कपाळ फुगीर, कान लांब, टोकाला मुडपलेले. मानेखालची सैल पोळी चालताना हलायची. वैशाखातल्या दुपारी म्हशी डबक्यात शिरत, गावातल्या इतर गाई बाभळीखाली धापत, तेव्हा ही एकटी माळावर चरत असे. उन्हाळ्यातही तिचं दूध फारसं कमी होत नसे. पान्हा मात्र ती आईच्याच हाताला सोडायची.

पुढे माळ सरकारकडे गेला, भोवती काटेरी तारा आल्या. चराई संपली. वडील पिंपरीला कारखान्यात लागले. तिथे राहायला एकच खोली, गाय बांधणार कुठे? तळेगावच्या पुढे, मावळात राहणारे वडिलांच्या ओळखीचे एक शेतकरी तिला न्यायला आले.

आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. आईने तिचं जुनं दावं सोडून घेतलं, नवं बांधलं. मग म्हणाली, "ऊन तिला काय करत न्हाई, भावजी. पर गारठ्याला जपा."

ते हसले. "वहिनी, वैशाखात धापत न्हाई ती पावसाला भिल व्हय? आमच्याकडं कमरंएवढं गवत हाय."

खरं तर आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. वडील म्हणाले, "गाय इकतीस का लेक नांदायला धाडतीस?"

"लेकीला सणाला तरी आणता येतं," आई म्हणाली.

दावं खोलीतल्या खुंटीवर राहिलं. आषाढात पिंपरीतही पाऊस थांबेना. शिफ्ट संपवून वडील भिजून आले की आई अंग पुसायला पंचा देई आणि म्हणे, "तिकडं तर लईच असंल." कारखान्याबाहेर टाकलेली गोणपाटं तिने वडिलांकडून मागवून घेतली आणि झूल शिवली. आतल्या बाजूला स्वतःचं जुनं लुगडं लावलं. मला सुट्टी मिळेपर्यंत श्रावण लागला होता. झूल घेऊन मी गाडीने तळेगावला उतरलो. पुढे पायी जायचं होतं.

ते शेतकरी मला बाजारातच भेटले. माझ्या काखेतली झूल बघून त्यांनी डोक्यावरचं इरलं उतरवलं.

"वहिनींनी शिवली?"

मी मान हलवली.

"गोठ्यात आगटी पेटवली होती रं पोरा. पर तिच्या छातीत गारठा बसला. ऊन पडंल म्हणून रोज दारात येऊन उभी ऱ्हायची. परवा तिथंच बसली, ती उठलीच न्हाई."