मुसाफिरखान्याचा धडा

लेबनॉनच्या उत्तरेला, त्रिपोली शहरातल्या एका सरकारी शाळेत नुहादबाईंनी वीसेक वर्षं बारावीला एकच कादंबरी शिकवली. अभ्यासक्रमाला नेमलेली, जुनी, मुलांच्या मते कंटाळवाणी. डोंगरातल्या मुसाफिरखान्यात बर्फामुळे अडकून पडलेल्या प्रवाशांची ती गोष्ट. सगळे साधे, सभ्य लोक. कोठाराची किल्ली ते आळीपाळीने सांभाळतात, आणि किल्ली ज्याच्या हाती येते तो थोडा थोडा बदलत जातो. शेवटच्या प्रकरणात म्हातारा खेचरवाला सरपण आणायला बाहेर पडतो आणि त्याच्या मागे दाराला आतून अडसर बसतो. तो कुणी घातला, हे लेखक सांगत नाही.

"यात वाईट माणूस शोधत बसू नका, सापडायचा नाही," असं म्हणूनच बाई सुरुवात करत. पूर्वी मुलं यावर तावातावाने भांडायची. एका वर्षी तर खेचरवाल्याच्या नावाने एक दांडगा मुलगा ढसाढसा रडला होता आणि वर्षभर वर्गाने त्याला 'खेचर' म्हणून छळलं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र वर्ग नुसता ऐकत बसे. शहरात वीज आली तर आली. शिक्षकांचा संप मिटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मुलं अंगातले कोट न काढता बाकांवर बसत. अडसराचा प्रश्न बाईंनी विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून एकजण शांतपणे म्हणाला की म्हातारा तसाही फार दिवस काढणार नव्हता, आणि उरलेल्यांना पीठ पुरायला नको का? कुणी हरकत घेतली नाही.

मग लमीस उठली. टॅक्सी चालवणाऱ्या अबू झाहरची ही मुलगी, वर्गात सगळ्यात फटकळ.

"मिस, दार आतूनच बंद होतं ना? मग उघडायला एक माणूस पुरे होता. एकच."

"आणि त्या थंडीत उठणार कोण?" मागून आवाज आला.

"मी उठले असते."

"तू? तू तर फळा पुसायला उठत नाहीस."

वर्ग हसला, लमीसही हसली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू ऐकलं, म्हणून बाई घरी जाताना जरा हलक्या पावलांनी गेल्या.

घरी मुंझिर होता, त्यांचा नवरा. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि आता मधुमेहाने त्याला घरी बसवलं होतं. मूलबाळ नव्हतं. इन्सुलिन बाजारातून नाहीसं झालं होतं. बाई शाळा सुटली की दुकानं पालथी घालत, ओळखीपाळखीच्या लोकांना साकडं घालत. घरातलं इन्सुलिनचं शेवटचं पेन संपत आलं होतं. मुंझिर त्यांना न सांगता मात्रा कमी करून घेत होता. ते बाईंना कळलं होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी गस्सानचा फोन आला. अबू समरा वस्तीच्या चढावर त्याचं औषधांचं दुकान होतं आणि तो बाईंचा जुना विद्यार्थी. एक खोकं हाती लागलंय, मागच्या दाराने या, कुणाला बोलू नका, एवढंच तो म्हणाला.

बाई मागच्या गल्लीतून आत गेल्या. दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये एक पडदा होता. गस्सानने खोकं त्यांच्या हातात ठेवलं, त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली. तेवढ्यात पुढून हाक आली. गस्सान पडद्याबाहेर गेला.

"बाबांचं कालच संपलं," लमीसचा आवाज होता. "तू म्हणाला होतास, आलं की पहिलं आम्हाला देशील."

"आलंच नाही गं. गुरुवारी ये."

"गुरुवारपर्यंत काय करू त्यांचं? उलट्या होतायत. गस्सानभाऊ, अर्धं तरी दे. एक पेन दे."

"असतं तर दिलं नसतं का?"

बाई पडद्यामागे उभ्या होत्या. चार पावलं टाकायची होती. पर्स उघडायची होती. मुंझिरचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी श्वास रोखून धरला, जणू श्वासाचा आवाज झाला तर खोकं हातातून जाईल. लमीस थोडा वेळ तशीच थांबली. मग पुढचं दार लोटल्याचा आवाज आला.

घरी त्यांनी मुंझिरला इंजेक्शन दिलं. तो म्हणाला, "नशीबवान आहेस, मिळालं तुला." बाई भांडी घासायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं. लमीसची जागा रिकामी होती. बाईंनी शिकवायला सुरुवात केली, खेचरवाल्याच्या पाठीवरच्या दोरापर्यंत आल्या आणि पुढचा शब्दच त्यांना सापडेना. मग त्यांनी लमीसबद्दल विचारलं. तिच्या शेजारणीने सांगितलं, की पहाटे तिच्या वडिलांची शुद्ध गेली. एका इस्पितळाने आधी पैसे भरा म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने घेतलं, पण औषध तुम्हीच आणा म्हणाले.

बाईंनी पुस्तक टेबलावर तसंच पालथं टाकलं आणि वर्ग सोडून निघाल्या. घरी येऊन खोक्यातली दोन पेनं उचलली. मुंझिर झोपला होता. इस्पितळाकडचा चढ धापा टाकत चढताना त्या तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. दुआ होती की स्वतःला दिलेल्या शिव्या, त्यांनाही सांगता आलं नसतं.

अबू झाहर वाचला. पण आधीच अधू असलेली त्याची दृष्टी त्या आजारपणात पार गेली. टॅक्सी विकावी लागली. त्याचा मुलगा झाहर दुसऱ्या देशात होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. लमीसने शाळा सोडली आणि मीना बंदराजवळच्या एका मिठाईच्या दुकानात काम धरलं.

बाई तिला तिथेच भेटल्या. ती ताटात चीजच्या मिठाईचे तुकडे रचत होती. बाईंनी कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "त्या संध्याकाळी मी आत होते. पडद्यामागे."

"माहीत आहे, मिस. पडद्याखालून तुमचे बूट दिसत होते."

"मग बोलली का नाहीस? पडदा का नाही ओढलास?"

लमीसने हात थांबवले नाहीत. "लाज वाटली. तुमची." मग पुढचा तुकडा ठेवत म्हणाली, "मी पण विचार केला. बाबांसाठी खोकं माझ्या पर्समध्ये असतं आणि बाहेर तुम्ही असता, तर मीही नसते आले बाहेर. वर्गात उगाच बोलले मी. बरोबर मागच्या बाकावरचेच होते."

"नाही. असं म्हणू नकोस. लमीस, माझ्यावर राग धर, शिव्या घाल, पण हे नको."

"राग नाहीये, मिस," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

बाईंना तिचा राग चालला असता. गेली वीस वर्षं मुलांना जे शिकवायचं होतं, ते एकाच मुलीला खरोखर भिडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

खोकं लवकर संपत आलं म्हणून त्या रात्री मुंझिरने पेनं मोजली आणि विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी देऊन टाक म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

पुढल्या वर्षी त्यांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन बारावी सोडली आणि खालच्या वर्गांना व्याकरण मागून घेतलं. कारण विचारलं तेव्हा घसा बसतो म्हणाल्या. दर शुक्रवारी दुपारी मात्र त्या अबू झाहरच्या घरी जातात, लमीसने बाहेरून तरी परीक्षा द्यावी म्हणून. लमीस त्यांच्यापुढे कॉफी ठेवते, उशीला टेकून बसायला सांगते, विचारपूस करते. पुस्तक उघडत नाही. अबू झाहर खाटेवरून आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणतो, "मिस, तुमचे उपकार आहेत. तुम्ही ती पेनं आणली नसती तर मी आज नसतो."

लमीस त्यांच्याकडे पाहते. आणि बाई मान खाली घालून कॉफी पितात.