एक, दोन, मूरु

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साच्यात वाळू ठोकता ठोकता भरमानं आयुष्यात एकच गाणं रचलं, आणि तेही आता गोमटेशच्या नावावर निघालं. नव्या अल्बमची यादी लेकीनं, सौम्यानं, मोबाइलवर वाचून दाखवली. सातवं गाणं त्याचं. खाली लिहिलेलं, गीत-संगीत गोमटेश. अगदी शेवटी 'जुन्या मित्रांचे आभार'. भरमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गोमटेश निपाणीच्या व्यापारी घरातला, गिटार वाजवणारा. भरमा पिरनवाडीचा, ड्रम बडवणारा. त्र्याण्णव साली दोघांनी कॅम्पातल्या एका गॅरेजात रॉक बँड काढला, तेव्हा पहिलं भांडण झालं ते गाणं सुरू करताना आकडे कुठल्या भाषेत मोजायचे यावरून. गोमटेशच्या घरात कन्नड, भरमाच्या मराठी. शेवटी निम्मे निम्मे ठरले. भरमा काठीवर काठी आपटून म्हणायचा, "एक, दोन, मूरु, नाल्कु," आणि नाल्कुला गोमटेशची गिटार सुटायची. बँड मोडेपर्यंत हेच चाललं.

रविवारी सकाळी कॅम्पातल्या हॉलमध्ये अल्बमचा सोहळा होता. गोमटेशनं स्वतः फोन केला, "एकच गाणं वाजीव, लोकांस्नी बरं वाटंल." भरमा गेला, पण गळ्यात गळा घालायला नव्हे.

स्टेजवर पांढऱ्या दाढीचा गोमटेश मुलाखत देत होता. "हे गाणं मला एका पावसाळी दुपारी सुचलं." खोटारडा! कसला पाऊस? भट्टीसमोर भरमाला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि चाल ऐकून यानंच त्याला मिठी मारली होती. मुलाखत संपताच भरमानं त्याला पडद्यामागं गाठलं.

"माझं नाव कुठं हाय रं?"

"मित्रांत हाय की. आता झालं ते झालं, भरमाण्णा. लई ताणू नगंस."

"माइकवर सांग, एवढंच."

"बघूया."

गोमटेशचं 'बघूया' म्हणजे न्हाय, हे भरमाला जुन्या ओळखीनं ठाऊक होतं. तरी तो सातव्या गाण्यासाठी ड्रमवर बसला. हॉल शांत झाला.

"एक, दोन, मूरु," तो म्हणाला आणि थांबला.

गोमटेशचा हात वरच राहिला. इतक्या वर्षांची सवय, नाल्कुशिवाय तो खाली येईना. चेहऱ्यावरचं हसू न मोडता तो पुटपुटला, "नाल्कु म्हण की!"

"आधी नाव म्हण."

समोरची माणसं हसली. त्यांना वाटलं, जुन्या दोस्तांची गंमत चाललीय. गोमटेश माइकजवळ गेला. एवढं सगळं होऊनही भरमाला वाटलं, आता म्हणेल.

"सातवं गाणं राहू दे," गोमटेश म्हणाला. "आपण आठवं ऐकू."

भरमानं काठ्या पिशवीत कोंबल्या. रागानं डोळे भरून आले होते, पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. तो दारापाशी पोचला तोवर नवा ड्रमवाला जागेवर बसला होता.

"वन, टू, थ्री, फोर!"

आणि गोमटेशची गिटार फोरला बरोबर सुटली.