रिकाम्या कपाटाची बोली

आमच्या घरात संशय हा दुर्गुण मानत नाहीत. पप्पांनी खडकीला एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं कामगारांचे डबे उघडून बघितले. निवृत्त झाल्यावर ते आमचे बघू लागले. मी त्यांचीच मुलगी.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीनं पार्किंगमधल्या बेवारस सामानाचा लिलाव काढला. सेक्रेटरी देवधरांनी पुकारायला मला उभं केलं. (“तुमचा आवाज तसाही चौथ्या मजल्यापर्यंत येतोच.”)

दोन भंगारवाले आले होते. एकानं बोली लावली की दुसरा आभाळाकडे बघायचा! आठ सायकली अशाच मातीमोल गेल्या. हे दोघं आतून मिळालेले, मी ओळखलं. मग आलं एक गंजकं लोखंडी कपाट.

“पाचशे,” पहिला म्हणाला. दुसऱ्यानं आभाळ गाठलं.

“गंजलंय, तर पाचशे तरी का देताय?” मी कडाडले. “कुलूप आहे त्याला! आत काय आहे, ठाऊक आहे वाटतं तुम्हाला?”

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या.

“हजार!” कुलकर्णीकाकू ओरडल्या. (मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास भांडणाऱ्या काकू!)

“दोन हजार!” खुद्द देवधर.

भंगारवालेही घाबरून एकमेकांवर बोली चढवू लागले. सात हजारांवर लिफ्ट उघडली आणि हातात रंगाचा डबा घेऊन पप्पा बाहेर आले.

“अगं, थांब! ते माझं कपाट आहे! तू काल ऑफिसला गेल्यावर काकाकडून आणलं, रंगवायला ठेवलंय!”

“नोटीस वाचली नाहीत?” देवधर म्हणाले. “आज सकाळी पार्किंगमध्ये जे असेल ते सोसायटीचं.” (नोटीस मीच लिहिली होती.)

“पण आत आहे काय हो?” काकूंनी विचारलं.

“मला काय माहीत? किल्ली हरवलीय!”

झालं! किल्ली हरवली म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नाही.

“आठ!” पप्पा दातओठ खात म्हणाले. “नऊ!” काकू. माझा गळा तापला होता. समोर बाप आहे हे मी साफ विसरले.

“चौदा हजार एक वार! दोन वार! तीन वार! कपाट पप्पांचं!”

साऱ्या सोसायटीदेखत कुलूप फोडलं. आत एक डांबरगोळी.

आईनं पप्पांकडे रोखून बघितलं. “चौदा हजार मोजलेत म्हणजे काहीतरी होतंच. कुठं लपवलंत?”

पहिल्या भंगारवाल्यानं मला हात जोडले. “ताई, रिकामं कपाट, तेही मालकालाच! आमचे शेठ कंपन्यांच्या जुन्या सामानाचे लिलाव करतात. भेटाच त्यांना.”

यातही काहीतरी डाव असणार! तो शोधायला म्हणून गेले आणि ऑफिसची नोकरी सोडून तिथंच चिकटले. सहा वर्षं झाली, पुकारतेय. डाव अजून सापडलेला नाही.

पप्पांनी मात्र घरातल्या फ्रिजपासून पोळपाटापर्यंत सगळ्यावर चिठ्ठ्या डकवल्यात: ‘विक्रीसाठी नाही’. फक्त माझ्या खोलीच्या दारावर नाही. परवा कारण विचारलं.

“तिथलं कुणी नेत असेल,” पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तर पहिल्याच बोलीला देऊन टाकू.”