एक तांब्या पाणी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. मंठाळच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पुढं हातात सुई आली ती आजपर्यंत सुटली नाही. ही वही गिऱ्हाइकांची मापं लिहायची आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचते. नागूबद्दल कुणी असं लिहावं असं फार वाटत होतं… पण रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याबद्दल कोण लिहिणार? म्हणून मीच बसले. कुणाला दाखवीन की नाही, ठाऊक नाही.

नागनाथ माझा धाकटा भाऊ. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याला लागून त्याचं ट्रॅक्टर-टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी मी ब्लाउजचं कापड कापत होते, तेव्हा त्याच्या मुलीचा, दीपाचा फोन आला. ती हैदराबादला नोकरी करते. म्हणाली, "आत्या, अप्पा गॅरेजात पडले. गुलबर्ग्याला न्यायलेत. मी निघालेय, तू बी निघ." मी तशीच स्टँडवर गेले. एसटी यायची होती. तेवढ्यात परत फोन. "आत्या… गुलबर्ग्याला नको जाऊस. गावाकडंच ये." मी बराच वेळ बाकावर बसून राहिले. एक एसटी आली आणि गेली, मला दिसलीच नाही. गावाकडचं सगळं उरकून घरी परत आले तेव्हा ते कापड तसंच अर्धं कापलेलं होतं आणि त्यावर शिशाचा तुकडा दाबून ठेवलेला होता. तो तुकडा नागूनंच दिलेला. त्याच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

नागू तरुणपणी सहा वर्षं हैदराबादला होता. तिथं शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मालकाकडं तो काम शिकला. गावी येऊन गॅरेज टाकल्यावरही हंगाम आला की मालक त्याला बोलावून घ्यायचे. नागूचा हात चांगला होता. तो गिऱ्हाइकाशी कन्नड बोलायचा, मालकाशी हिंदी आणि माझ्याशी मराठी, पण इंजिनापुढं बसला की कुठलीच भाषा बोलायचा नाही. नुसता कान लावून ऐकत राहायचा. दीपा दहा वर्षांची असताना त्यानं भंगारातून तिला एक छोटी गाडी करून दिली. उसाचे ट्रॅक्टर थांबायच्या मोकळ्या तळावर ती पोरगी अशी गाडी पळवायची की लोक चहा हातात धरून बघत राहायचे. पुढं हैदराबादच्या लहान शर्यतींत ती दोनदा पहिली आली. ती पंधराची झाली तेव्हा नागू माझ्याकडं आला.

दक्षिण भागाची ज्युनिअरांची शर्यत असते, वर्षात चार-पाच ठिकाणी, सगळीकडचे गुण मिळून नंबर. पंधरा-सोळा वर्षांची पोरं चालवतात. उघड्या चाकांची, जमिनीला टेकलेली गाडी, तिच्यात एकाच माणसापुरती जागा. नागूनं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा शेजारचे शरणप्पा तात्या बसलेले होते. ते म्हणाले, "एकटीलाच बसायला जागा? मग उद्या जावई कुटं बसंल रं?"

"जावई मागून पळत येईल, तात्या," नागू म्हणाला. "आला तर आला."

तात्या उठून गेल्यावर तो खरं बोलला. गाडी मालकाची, नागूनं वर्षभर बिनपगारी काम करायचं, तरीही भाड्याचे आणि प्रवेशाचे पैसे भरायचेच होते. आणि मालकांनी एक शब्द दिला होता. वर्षाच्या शेवटी पोरगी पहिल्या तिघांत आली तर पुढच्या वर्षी ते तिला फुकट गाडी देणार. "एकच वर्ष निभवायचंय, अक्का." मी विधवा बाई, पोरंबाळं नाहीत, दोन म्हशींच्या दुधावर आणि शिवणावर माझं चालायचं. मी म्हशी विकल्या. एक लाख चाळीस हजार आले, ते त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "दर महिन्याला दोन हजार देईन. फिटोस्तर देईन." मी म्हणाले, दे, नाही तर नको देऊ. पण मनातून मला ते हवे होते. खोटं कशाला लिहू.

दीपा अंगानं काटकुळी. गाडीत ती हलू नये म्हणून मी पाठीमागं घालायला वाकळीची जाड गादी शिवून पाठवली होती. कापूस पेट घेतो म्हणून मालकांनी ती पहिल्याच दिवशी काढून टाकली. तिथं प्रत्येक गोष्टीला नियम. त्यातला एक नियम वजनाचा होता. गाड्या सगळ्या सारख्या, पण पोरं कुणी जाड, कुणी बारीक. बारीक पोराची गाडी हलकी, म्हणजे ती जास्त पळणार. म्हणून शर्यत संपली की गाडी आणि तिच्यातलं पोर, दोन्ही मिळून काट्यावर तोलायचं. ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरलं की निकाल बाद. दीपाचं वजन कमी म्हणून नागू तिच्या बैठकीखाली शिसं बसवायचा. टायरवाल्यांकडं चाकं तोलायचं जुनं शिसं पडलेलं असतं, ते वितळवून त्यानं तुकडे पाडले होते आणि प्रत्येकावर छिन्नीनं वजन कोरलं होतं. जास्त शिसं घातलं तर गाडी मागं पडते, म्हणून तो अगदी काटेकोर असायचा. "फक्त एक किलो जास्तीचं ठेवतो," त्यानं मला सांगितलं होतं. "घामासाठी."

शेवटची शर्यत कोइमतूरच्या बाजूला होती. मी स्वयंपाकाला म्हणून बरोबर गेले. आयुष्यात इतक्या लांब मी तेव्हाच गेले. दीपा गुणांत चौथी होती. त्या दिवशी पहिल्या दोघांत आली असती तर वर्षाची तिसरी झाली असती. शनिवारी सकाळी नागूनं तिला आधी एकटीला, मग गाडीत बसवून काट्यावर तोललं. सगळं बरोबर भरलं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आणि मग मी ते केलं… आमच्या घरात बायकांची एक रीत आहे. मोठं काम असलं की लक्ष्मीआईच्या नावानं निरंकार उपवास धरायचा. अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. ज्याचं काम त्यानंही धरायचा आणि मागणाऱ्यानंही. आणि घरातल्या पुरुषाला सांगायचं नाही. सांगितलं की तो फुकट जातो, असं आई म्हणायची. माझ्या बाळंतपणात आईनं असाच धरला होता. पोर राहिलं नाही, पण मी राहिले. मी दीपाला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या गाडी थांबोस्तर थेंबभर पाणी घ्यायचं न्हाई. मी बी घेत न्हाई."

"आत्या, भर उन्हात जाड सूट घालून बसायचं असतंय गं."

"एक दिवसाचं काय त्यात? वर्षाचा प्रश्न हाय."

ती माझ्यावर माया करायची. ऐकलं तिनं. डब्यातली भाकरी तिनं मला गुपचूप परत दिली आणि बाटलीतलं पाणी सांडून टाकलं.

रविवारी दुपारी तिनं गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही, मला त्यातलं कळत नाही. नागूचा चेहरा बघून मी समजत होते. शेवटच्या फेरीला त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. ती दुसरी आली. मालकांनी नागूला मिठी मारली. मग गाडी काट्यावर घेतली. काट्यावरचा माणूस काही तरी बोलला. परत तोललं. आठशे ग्रॅम कमी.

मी दूध घालणारी बाई. आठशे ग्रॅम म्हणजे किती, ते मला कुणी सांगायला नको होतं. एक तांब्या पाणी. मी पिकअपच्या मागं डबा धरून उभी होते, तशीच उभी राहिले. पुढं जाऊन दोन शब्द बोलायचे होते. इतक्या परक्या लोकांत माझं तोंड उघडलं नाही… आणि बोलून निकाल बदलणार नव्हता, हे मी नंतर स्वतःला सांगत आले.

मालक ओरडले, "नागनाथ, ये क्या है?" नागूनं क्षणभर दीपाकडं बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग तो हत्यारांच्या पेटीकडं गेला, तिच्यातून एक जास्तीचा शिशाचा तुकडा काढून आणला आणि मालकांपुढं धरला. "ये लगाना रह गया, साहब. गलती मेरी है."

"बीस साल से काम कर रहा है, और एक किलो का हिसाब नहीं आता?" सगळ्यांपुढं बोलले. आणखीही बरंच बोलले. नागू मान खाली घालून ऐकत होता. मालकांनी त्याला परत कधी बोलावलं नाही. दीपा परत कधी त्या गाडीत बसली नाही.

नागूला काय कळलं, काय नाही, मला कळेना. खरंच तुकडा राहिला असेल, असंही मी स्वतःला समजावून बघितलं. पुढच्या महिन्यात तो पैसे घेऊन मंठाळला आला आणि तो तुकडा शिलाई मशीनवर ठेवून म्हणाला, "घे, कापड दाबायला व्हईल." त्यावर छिन्नीनं एकाचा आकडा कोरलेला आहे.

जवळजवळ सहा वर्षं तो दर महिन्याला आला. गॅरेज चाललं तरी आला, नाही चाललं तरी आला. एकदा हात भाजलेला होता, फडकं गुंडाळून आला. दारात चप्पल काढली की म्हणायचा, "अक्का, आदी पानी दे." उभ्यानंच तांब्या तोंडाला लावायचा आणि रिकामा करून खाली ठेवायचा. मग खिशातून चार पाचशेच्या नोटा. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. नागू, हे पैसे मी कसे घेऊ, तुझं सगळं मी घालवलं. आणि दर वेळी मी नोटा घेऊन डब्यात ठेवायचे. एका म्हशीचे पैसे जमल्यावर म्हैसही घेतली. शेवटचा आला तेव्हा दम लागत होता त्याला. म्हणाला, "आता तीनच हप्ते ऱ्हायले बग, अक्का." मी म्हणाले, "बस जरा. कामून घाई करायलास?" तो बसला नाही.

गेल्या आठवड्यात दीपा आली. एकवीस वर्षांची झाली, पण अजून तशीच काटकुळी. तिनं पाकीट पुढं केलं. "सहा हजार हायत. अप्पाचे ऱ्हायलेले."

मी हात मागं घेतला. म्हणाले, मला नको, आणि सहा वर्षं जे तोंडातून आलं नव्हतं ते सगळं बोलले. तुझ्या बापानं काहीच चूक केली नव्हती. ते पाण्याचं वजन होतं. माझ्यामुळं झालं. शर्यतीत तू चक्कर येऊन आपटली असतीस तर, हेही बोलले. मी रडत नव्हते. रडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

दीपानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, उपाशी कोन व्हतं? मीच की. मला कळायचं ऱ्हाईल का?" तिथं सगळे पांगल्यावर ती बाटलीवर बाटली पाणी प्याली होती आणि एकटीच पुन्हा काट्यावर उभी राहिली होती. "शनिवारी सकाळचा माझा आकडा बरोबर भरला. तसंच जाऊन अप्पाला सांगितलं. ते म्हणले, 'अक्कानं म्हशी इकल्या तुझ्यासाठी. हे तिच्या अंगावर येऊ द्यायचं न्हाई. तुकडा माझाच ऱ्हायला.'"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. दर महिन्याला तो माझ्या दारात उभा राहून पाणी मागत होता आणि त्याला ठाऊक होतं…

"मग पैसे कामून देत व्हता गं?" मी विचारलं.

"घेतले व्हते म्हणून," दीपा म्हणाली. "त्याचा अन् पाण्याचा काय संबंध? घे आता. न्हाई घेतलंस तर अप्पाचं काम अर्धं ऱ्हाईल."

मी उठले, तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. ती उभ्यानंच प्याली, बापासारखी, एका दमात, आणि रिकामा तांब्या खाली ठेवला. मग मी पाकीट घेतलं. नोटा मोजल्या. पंखा चालू होता म्हणून त्या मशीनवर ठेवून त्यांच्यावर शिशाचा तुकडा ठेवला. नागूचे सगळे पैसे फिटले.