विटेने सगळं सोसलं, फक्त पाणी सोडून

मी प्रगत पदार्थ बनवते. जिथे लोखंडही मऊ पडेल तिथे टिकणारे. नागपूरच्या प्रयोगशाळेत, एसीच्या गार हवेत बसून मी ‘अतितीव्र परिस्थिती’ हे शब्द दिवसातून दहादा लिहायचे. ती परिस्थिती कुठे असते, तेही मला तोंडपाठ होतं. रॉकेटात, अणुभट्टीत, फार तर परदेशात.

आमचे बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये फायरमन. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान वाफवतात, त्या बॉयलरच्या भट्टीत ते तूस लोटायचे. भट्टीच्या आतल्या विटा दरवर्षी तडकायच्या आणि शेठ बाबांवर खेकसायचा. शेवटी त्याने सांगून टाकलं, “या बारी तडकल्या त दुसरा माणूस पाहातो.” बाबांची नोकरी विटांवर आली. मग काय, घरात एवढी मोठी शास्त्रज्ञ होतीच की! मी त्याच तुसाच्या राखेपासून वीट बनवली. भट्टीपेक्षा दुप्पट तापवून तीन दिवस ठेवली, तरी पठ्ठीने हूं की चूं केलं नाही. पीएचडीचे गाईड सर खूश, शेठ राजी.

विटा मिलवर नेताना बाबांनी एकदाच विचारलं, “ईले पाणी चालते ना वो?”

“बाबा, ही आगीत ठेवायची आहे, पावसात नाही,” मी म्हणाले. काय ती हुशारी!

चौथ्या दिवशी विटा पापडासारख्या फुटल्या. मी धावत मिलमध्ये गेले, तर बाबा राख काढायच्या तयारीत होते. आधी त्यांनी भट्टीच्या तोंडातून दोन बादल्या पाणी आत फेकलं. फस्स! लालबुंद विटांवर गार पाणी.

“बाबा, हे काय करून राहिले? कायले?”

“मंग? कोरडी राख ओढली त उडते ना. आंगणात बाया पायानं धान फिरवतेत, ठिणग्या पायावर पडतेत. वीस वर्षं झाले, रोजच मारतो.”

“मले सांगायचं ना!”

“इचारलं होतं ना मी, पाणी चालते का म्हनून.”

मी कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षांची रोजची रीत, आणि ती बघायला मी एकदाही मिलमध्ये आले नव्हते.

आता अहवाल द्यायचा होता. अपयशाचं कारण ‘विटेची रचना’ लिहिलं, तर माझी पीएचडी मातीत. सर म्हणाले, “भट्टीचालकाची चूक लिहा, सगळे तेच लिहितात.” किती सोयीचा शब्द! चालकाला नाव नसतं, मुलगी नसते. मी लिहिलं, खाली झोकात सही केली. नियमाप्रमाणे एक प्रत शेठकडे गेली.

दोन दिवसांनी बाबा भर दुपारी घरी आले. नवीन फायरमन आला होता. डबा तसाच भरलेला. माझी मेली नजर वर होईना.

“शेठ म्हनते, माह्या पोरीनंच लिवून देल्लं का चूक माही आहे,” बाबा म्हणाले. “खोटं बोलते ना तो?”

“हो बाबा,” मी म्हणाले, “खोटं बोलतो.”