बिनभिंतीची पागा

आमच्या शहराच्या हरणी भागातला घोडेस्वारीचा क्लब बंद झाला तेव्हा ताई तिथे सकाळी मुलींना शिकवायला जायची. दिवसा शाळेत पी.टी.ची बाई आणि सकाळी घोडे, असा तिचा बरीच वर्षं चाललेला क्रम. विमानतळाच्या बाजूला तेव्हा भराभर सोसायट्या उठत होत्या, त्यात क्लबची जमीनही एका बिल्डरकडे गेली. घोडे विकले गेले. दोन घोड्या मात्र कोणी नेईना. एक तांबडी, वय झालेली. दुसरी करडी, तिच्या एका डोळ्यात फूल पडलेलं. ताईने त्या मागून घेतल्या आणि मग घरी येऊन आम्हाला सांगितलं.

ताईने लग्न केलं नव्हतं, ती आमच्यातच राहायची. माझी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वन्सं, ठेवणार कुठे? दुसऱ्या मजल्यावर?"

"वाघोडियाच्या शेतात," ताई म्हणाली. "पागा बांधू."

ते शेत वडिलांच्या मागे आम्हा दोघांच्या नावावर आलं होतं. मला ते विकायचं होतं. तिकडे कारखाने वाढत होते आणि दलालांचे फोन येत होते. पण ताईने पागा म्हटल्यावर मी विक्रीचा विषय बाजूला ठेवला. आमचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, हे आमच्या घरात पाहुण्यांना नेहमी सांगितलं जायचं. त्यांच्यानंतर घोड्याला हात लावणारी ती एकटीच.

मामलतदार कचेरीत गेलो. कारकून भला माणूस होता. त्याने अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गुजरातीत म्हणाला, "बेन, घोडो खेतीमां न आवे."

मग त्याने समजावून सांगितलं. बैल, गाय, म्हैस यांच्यासाठी शेतात छप्पर घातलं तर ते शेतीचंच काम. घोडा शेतीचं जनावर नाही. म्हणजे तेवढी जागा आधी बिनखेती, म्हणजे बिनशेती, करून घ्यायला हवी, त्यासाठी पंचायतीचं मत हवं, साहेबांची पाहणी हवी. हे सगळं सांगून झाल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यापेक्षा ढोरांचा गोठा लिहा ना. कोण बघायला येतंय?"

"मी रोज तिथे असणार," ताई म्हणाली. "मी बघेन ना. घोड्या आहेत तर घोड्याच लिहा."

अर्ज पंचायतीकडे गेला आणि तिथे हरकत आली. हरकत घेणारे आमच्या शेताला लागून शेत असलेले एक शेतकरी होते, त्यांना सगळे काका म्हणत. कापूस आणि तूर करायचे, चार म्हशी होत्या. सरपंचांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. काका खाली बघत, शांतपणे बोलले. त्यांच्या शेताच्या पलीकडच्या बाजूला शहरातल्या एका माणसाने कोंबड्यांसाठी म्हणून शेड बांधली होती. चार भिंती, पुढे शटर. कोंबडी कधी कोणी पाहिली नाही. ट्रकमधून केमिकलचे ड्रम यायला लागले. मग काकांच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला आणि म्हशी त्या पाण्याला तोंड लावेनात.

"आम्ही तसले लोक नाही, काका," मी म्हणालो. मला राग आला होता.

"त्यांनीही हेच सांगितलं होतं," काका म्हणाले.

ताईने विहीर दाखवा म्हटलं. काकांनी बादली वर काढली. ताईने ओंजळीत पाणी घेऊन नाकाजवळ नेलं आणि तोंड फिरवलं. स्कूटरवरून परत येताना ती मागून म्हणाली, "मी त्यांच्या जागी असते तर मीही हरकत घेतली असती."

तोवर क्लबची जागा रिकामी करायची वेळ आली. अर्ज तसाच पडून होता, पण झाडाला घोडी बांधायला कोणाची परवानगी लागत नाही. एका रविवारी पहाटे आम्ही दोघं हरणीहून चालत निघालो. तांबडी ताईकडे, करडी माझ्याकडे. वाघोडिया रोडवर मागून ट्रक आला की मी दोरी आवळून धरायचो. करडी मात्र खाली मान घालून चालत राहिली. ताई मध्येच मागे वळून म्हणाली, "दोरी इतकी घट्ट नको धरूस. तिला कळतंय तू घाबरलायस."

शेतातल्या लिंबाखाली त्या बांधल्या. शाळेला सुट्टी लागली होती. ताई सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी परतायची. पहिले काही दिवस काका बांधावर उभे राहून नुसते बघत. मग एक दिवस बांध ओलांडून आले आणि करडीच्या डोळ्याकडे बघून विचारलं, "आने देखाय छे?"

"एका बाजूने," ताई म्हणाली. "काका, काय केलं तर तुमची काळजी मिटेल?"

काकांनी विचार केला. "भींत नहीं," ते म्हणाले. छप्पर घाला, खांब घाला. पण माझ्या शेतातून मला आरपार दिसलं पाहिजे.

मी त्या दिवशी तिथेच होतो. मी म्हटलं, अगं थंडीचं काय, म्हातारी जनावरं आहेत. पण ताईने तोवर हो म्हटलं होतं.

नवा नकाशा दिला. सर्कल साहेब पाहणीला आले, नकाशा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "भिंती काढायच्या विसरलात की काय?" आम्ही बोलायच्या आत काकांनी नकार आपलाच असल्याचं सांगितलं, "में ना पाडी छे." साहेब हसले. हरकत मागे घेतल्याचं काकांनी त्यांच्यासमोरच लिहून दिलं.

मंजुरी हातात आली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती; पावसाळा लिंबाखाली ताडपत्री बांधून काढला. लोखंडी पाइप, वर पत्रे, कमरेइतक्या उंचीचे आडवे बांबू. इतकीच आमची पागा. थंडी पडली आणि उत्तरेचा वारा सरळ आत शिरायला लागला. ताईने जुनी ब्लँकेटं नेली, ती पुरेनात. दोन-तीन दिवसांनी गेलो तर काका पागेच्या उत्तरेला शिडीवर चढलेले. कापसाची रिकामी पोती उसवून, जोडून त्यांनी लांबलचक पडदा शिवला होता आणि तो पाइपाला बांधत होते.

"दिवसा गुंडाळून वर ठेवायचा," त्यांनी ताईला बजावलं.

"ठेवीन," ती म्हणाली.

उन्हाळ्यात ताई पुन्हा त्याच कचेरीत गेली, या वेळी काकांच्या विहिरीच्या तक्रारीचा अर्ज घेऊन. कुठलं टेबल, कुठला साहेब, हे तिला आता पाठ होतं. काका पाण्याची बाटली पिशवीत घेऊन तिच्या मागे उभे होते. कारकुनाने दोघांना ओळखलं आणि बसायला खुर्च्या दिल्या. ते काम आमच्या पागेपेक्षा खूप लांबलं. शेवटी शेडला कुलूप लागलं, ड्रम गेले. पाणी निवळायला मात्र आणखी दोन पावसाळे जावे लागले. तोवर काकांच्या म्हशी आमच्या बोअरवर पाणी प्यायला यायच्या, आणि तांबडी त्यांना आधी पिऊ द्यायची नाही.